बोलावलं आहेस, तर थांब

बाईंकडे राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून दूध उतू गेलं. शेगडीवर, ओट्यावर आणि ओट्यावरून थेट माझ्या पायांवर. मी "अरे देवा" म्हटलं आणि फडकं शोधायला लागले. बाई स्वयंपाकघराच्या दारातच होत्या. त्यांनी पुढे होऊन गॅस बंद केला, आणि मग फडकं हातात असूनही मला न देता, मान किंचित खाली घालून नुसत्या उभ्या राहिल्या. मला वाटलं, रागावल्या.

"काय झालं, बाई?"

"तू हाक मारलीस ना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता बोल. काय काम होतं?"

"कोणाला हाक मारली?"

"देवाला."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. दूध लादीवर टपटपत होतं आणि आम्ही दोघी समोरासमोर उभ्या होतो.

"काही काम नव्हतं, बाई. सहज तोंडातून गेलं."

"मग तसं सांग त्याला. सहज हाक मारली, काम काही नव्हतं, म्हणावं. बोलावलं आहेस, तर थांब जरा. कोणाला दारात बोलावून आपण तोंड फिरवून आत जातो का?"

मी चांगली नोकरी करणारी, पंचविशीची मुलगी. ओट्यासमोर उभी राहिले आणि मनातल्या मनात म्हटलं, की सहजच हाक मारली होती. मग बाईंनी फडकं दिलं.

बाईंचं घर भाईंदर पूर्वेला, खारीगावाच्या मागच्या अंगाला होतं. जुन्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. मराठी शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. मूळच्या नगरकडच्या, आम्ही जालन्याकडचे. दोन्ही घरं ख्रिस्ती, त्यामुळे ओळखीतून ओळख निघाली आणि मीरा रोडच्या चष्म्याच्या दुकानात मला डोळे तपासायची नोकरी लागली तेव्हा बाबांनी मला त्यांच्याकडे ठेवलं. बाहेरच्या खोलीत माझी कॉट, स्वयंपाकघरात त्यांची. सगळी इमारत त्यांना बाईच म्हणायची. मीही तेच म्हणायला लागले आणि आजही मनात त्यांचं दुसरं नाव येत नाही.

त्यांचं हे थांबणं फक्त माझ्यापुरतं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या गुजराती भाभी पाण्याचा पंप बंद पडला की जिन्यातूनच "हे भगवान" म्हणत खाली यायच्या, आणि बाई हातातली बादली खाली ठेवून तशाच मान खाली घालून उभ्या राहायच्या. भाभींनी एकदा न राहवून विचारलं, "बाई, मैंने तो मेरे वाले को बुलाया था. आप क्यों रुकती हो?"

"आपने बुलाया, तो मैं खड़ी रहती हूँ," बाई म्हणाल्या. "कोई आए तो बैठे नहीं रहते."

भाभींना यात काय कळलं माहीत नाही, पण पुढे त्या बाईंसमोर जपून बोलायच्या. माझ्या दुकानातल्या मैत्रिणी एकदा घरी आल्या होत्या. त्यातली एक दर वाक्याला "ओ माय गॉड" म्हणणारी. बाई चहाचा ट्रे घेऊन येता येता इतक्या वेळा थांबल्या, की चहा गार झाला. मैत्रिणीला वाटलं, बाईंचे गुडघे दुखतायत.

मी पाळकाची मुलगी, बाबा गावच्या चर्चमध्ये उपासना चालवायचे. लहानपणापासून देव म्हणजे बाबांचं ऑफिस असं माझ्या डोक्यात होतं. उपासना झाली की खुर्च्या आवरायच्या, सतरंज्या झटकायच्या, माइकची वायर गुंडाळायची. बाबा आशीर्वाद देत असायचे तेव्हा मी आणि भाऊ डोळे उघडे ठेवून आज कोणाच्या घरी जेवण आहे त्याच्या खुणा करायचो. देवाची भीती कधी वाटली नाही आणि खरं सांगायचं तर ओढही वाटली नाही. हलवायाच्या पोरांना मिठाईचं काय वाटत असेल, तसं ते होतं.

बाईंच्या घरात मात्र असं वाटायचं, की या घरात आणखी कोणीतरी राहतंय आणि ते आत्ता जागं आहे. त्या शास्त्र, म्हणजे बायबल, उघडण्याआधी हात कोपरापर्यंत धुवायच्या आणि केस बांधायच्या. त्या पुस्तकावर काही ठेवायच्या नाहीत, स्वतःचा चष्मासुद्धा नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेला जमणाऱ्या आमच्या मंडळीत प्रभुभोजन असायचं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. त्यासाठी लागणारी भाकर बाई शनिवारी स्वतःच्या हाताने करायच्या, आणि ती होईपर्यंत घरात टीव्ही बंद, मोबाइल बंद, बोलणं बंद. प्रभुभोजनाच्या टेबलावर घालायचं पांढरं कापड त्या वेगळ्या बादलीत धुवायच्या आणि ते पाणी मोरीत न ओतता अंगणातल्या जास्वंदीला घालायच्या. हे कोणी त्यांना शिकवलेलं नव्हतं. आमच्यात असा काही नियमही नाही. मी तसं म्हटलं तेव्हा म्हणाल्या, "नियम नाहीच. मला मोरीत ओतवत नाही, एवढंच."

यावरून त्या सुतकी चेहऱ्याच्या असतील असं कोणाला वाटेल. तसं अजिबात नव्हतं. बोंबील त्यांच्याइतक्या चवीने खाणारं माणूस मी पाहिलं नाही. क्रिकेटची मॅच असली की त्या अंपायरला शाळेतल्या पोरासारखं झापायच्या. उत्तनहून टोपली घेऊन येणाऱ्या कोळणीशी त्यांची घासाघीस ऐकायला गॅलरीत बायका जमायच्या. "बाय, याच्यात मना काय उरत न्हाय," कोळीण म्हणायची. "मग बस, चहा पी, तेवढा तर उरेल," असं म्हणून बाई तिला आत घ्यायच्या आणि शेवटी तिने सांगितलेल्या भावातच मासळी घ्यायच्या.

एकदा मी विचारलं, "बाई, पवित्र म्हणजे नक्की काय हो? बाबा दर रविवारी म्हणायचे, पण मी कधी विचारलं नाही."

त्या कोथिंबीर निवडत होत्या.

"स्वच्छ असा अर्थ नाही गं त्याचा. स्वच्छ तर घासलेली भांडीपण असतात." मग काड्या बाजूला करत म्हणाल्या, "ज्याच्यासमोर उभं राहिलं की आपला आवाज आपल्यालाच ऐकू येतो, ते पवित्र. मी तरी तसं ओळखते."

आमच्या मंडळीला स्वतःचं चर्च नव्हतं. दुकानांच्या वरचा एक हॉल रविवारी सकाळपुरता भाड्याने मिळायचा. आदल्या दिवशी तिथे वाढदिवस, बारशी, साखरपुडे. आम्ही जायचो तेव्हा छताला एखादा फुगा चिकटलेला असायचा आणि लादीवर केकचा चिकटा. बाई सगळ्यांच्या आधी पोचायच्या. चप्पल दाराबाहेर काढायच्या, झाडू मारायच्या, ओल्या फडक्याने लादी पुसायच्या आणि मग पुढच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायच्या. मंडळीतल्या बाकीच्यांनी कधी चपला काढल्या नाहीत आणि बाईंनी कोणाला काढायला सांगितलंही नाही. पण मी त्यांच्याबरोबर जायला लागल्यावर माझ्या चपला आपोआप त्यांच्या चपलांशेजारी राहायला लागल्या.

आमचे पाळकसाहेब तरुण होते, मनाने चांगले, बोलायला भरभर. बाईंना ते मानायचे आणि थोडे घाबरायचेही. एका रविवारी त्यांनी सांगितलं, की आता आपण दोन मिनिटं देवासमोर शांत राहू, आणि जेमतेम एक श्वास घेऊन लगेच पुढचं गीत सांगितलं. उपासना संपल्यावर बाई त्यांच्याजवळ गेल्या.

"पाळकसाहेब, एक सांगू? तुम्ही फार लवकर बोललात. तो आत्ता कुठे आला होता."

पाळकसाहेबांनी मान हलवली. पुढच्या रविवारी ते इतके शांत राहिले, की खालच्या दुकानाचं शटर उघडल्याचा आवाज आला आणि तरी कोणी हललं नाही. त्या शांततेत मला पहिल्यांदा माझा श्वास ऐकू आला.

प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीची थाळी आणि छोट्या प्याल्यांचा ट्रे रांगेतून हातोहात फिरतो. मी कितीतरी महिने बाईंच्या शेजारी बसत होते, पण डोळे मिटलेले असल्यामुळे असेल, एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. ती एका रविवारी आली. थाळी त्यांच्या हातात यायची, त्या ती दोन्ही हातांनी धरायच्या, क्षणभर तिच्याकडे बघायच्या आणि माझ्याकडे द्यायच्या. स्वतः घ्यायच्या नाहीत. प्यालाही नाही. जी भाकर त्या आदल्या दिवशी तोंड बंद ठेवून भाजायच्या, ती त्यांनी कधी तोंडात घातलेली नव्हती.

घरी परत येताना मी विचारलं. त्यांनी टाळलं नाही. अंगणातल्या जास्वंदीजवळ उभ्या राहून सगळं सांगितलं, शाळेत धडा सांगावा तसं, क्रमाने.

बाईंना एक धाकटी बहीण होती. इथेच, इंद्रलोकला, पायी गेलं तर पंधरा-वीस मिनिटांवर राहायची. दोघी बहिणींनी आईसाठी म्हणून एकमेकींच्या जवळ घरं घेतली होती. आई धाकटीकडे असायची. एका मे महिन्यात बाई निवडणुकीच्या ड्युटीवर लांब गेलेल्या असताना आई गेली. निरोप मिळाल्यावर बाईंनी रस्त्यातून फोन केला, की मी येतेय, थांबा. उन्हाळ्याचे दिवस, कबरस्तानाची बंद व्हायची वेळ. बाई पोचल्या तेव्हा माती घालून झाली होती.

"मी फाटकातच उभी राहिले," बाई म्हणाल्या. "छोटी रडत माझ्याकडे आली. आणि मी सगळ्यांसमोर हात वर करून म्हटलं, देवाच्या नावाने सांगते, तुझ्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"शपथ घेऊच नका, असं शास्त्रात आपल्याला सांगून ठेवलंय. मी मुलांना शिकवलंय ते. आणि मीच घेतली. त्याच्या नावाने." त्यांनी जास्वंदीचं एक पिवळं पान खुडलं. "बहिणीशी बिनसलेलं असताना प्रभूच्या टेबलाशी जायचं नाही, हेही शास्त्रातच आहे. आणि बिनसलेलं मिटवायला तिच्या दारात जायचं तर त्याच्या नावाची शपथ मोडायची. सांग आता."

तेव्हा मला त्या उतू गेलेल्या दुधाचा अर्थ कळला. बाई आम्हा सगळ्यांना जे शिकवत होत्या, ते एका वाक्याची किंमत मोजून शिकलेल्या होत्या.

या गोष्टीला अठरा-वीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत बहिणी बाजारात कधी समोर आल्या तर रस्ता ओलांडायच्या. बहीण उपासनेला मीरा रोडला दुसऱ्या मंडळीत जायची.

मग एका रविवारी पाळकसाहेबांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की तुमच्या बहिणीची तब्येत बरी नाही. हृदय कमजोर झालंय, डॉक्टरांनी जिना मना केलाय. यजमान आधीच गेलेले. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. कामवाली येते, समोरच्या फ्लॅटमधले लोक बघतात.

बाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडी बदलली आणि मला म्हणाल्या, "तुझी आज सुट्टी आहे ना? चल."

मला वाटलं, सुटलं एकदाचं. आम्ही इंद्रलोकला पोचलो, बाई इमारतीच्या कंपाउंडमध्ये शिरल्या आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपासून हातभर अंतरावर थांबल्या. मग मागे वळून अंगणाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि वर बघून हाक मारली, "छोटी."

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक चेहरा आला. सुजलेला, पांढऱ्या केसांचा. हुबेहूब बाईंचा.

"ताई?"

"जेवलीस का?" बाईंनी विचारलं.

"सकाळचे दहा वाजलेत, ताई."

"मग नाश्ता?"

अशी सुरुवात झाली. त्यानंतर बाई रोज सकाळी जायच्या. खाली अंगणात उभ्या राहून मान वर करून बोलायच्या, वरून बहीण खिडकीचे गज धरून उत्तर द्यायची. बोलणं काय, तर मीठ कमी खा, गोळ्या घेतल्यास का, आई बोंबलाच्या कालवणात चिंच घालायची की कोकम. यावरून तर भांडण झालं. एक खालून म्हणतेय चिंच, एक वरून म्हणतेय कोकम, आणि मधल्या दोन्ही मजल्यांवरच्या बायका खिडकीत येऊन आपापलं मत देतायत. कबरस्तानाचा विषय कोणी काढत नव्हतं. वॉचमनने बाईंना खुर्ची आणून दिली, पण बसून वर बघितलं की मान दुखते म्हणून त्या उभ्याच राहायच्या.

मी त्यांना म्हटलं, "बाई, हे आधीच करता आलं असतं ना? शपथ तर पायरीचीच होती."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "रस्त्यात बोलायला कोणी अडवलं होतं? ते मीच अडवलं. त्याचं नाव पुढे केलं आणि मागे मी लपले."

पाळकसाहेबांच्या कानावर हे गेलं. ते घरी आले, बाईंनी केलेला चहा घेतला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, मुळात ती शपथच चुकीची होती. चुकीची शपथ पाळण्यात कसलं पुण्य? देव क्षमा करतो. तुम्ही सरळ वर जा."

"क्षमेची शंका नाही हो मला," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे, पण नाव त्याचं आहे. माझी सोय व्हावी म्हणून मी त्याचं नाव खोटं पाडू?"

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. जाताना त्यांनी प्रार्थना केली आणि आमेननंतर बराच वेळ शांत बसले.

ऑक्टोबरचं ऊन चढायला लागलं होतं. त्या दिवशीही माझी सुट्टी होती. बाई अंगणात उभ्या होत्या, बहीण वरून काहीतरी सांगत होती. बोलता बोलता बाई गप्प झाल्या. त्यांनी हात भिंतीकडे नेला, भिंत लांब होती. मी धरेपर्यंत त्या खाली बसल्याही. चेहरा घामाने डबडबलेला. वरून "ताई, ताई" असा आवाज आला आणि खिडकी रिकामी झाली. वॉचमन पाणी घेऊन धावला. तळमजल्यावरच्या शेजारणीने साखर घालून सरबत दिलं. थोड्या वेळाने बाईंच्या चेहऱ्यावर रंग आला आणि त्यांनी वर बघितलं. खिडकीत कोणी नव्हतं.

"छोटी कुठे गेली?"

मला वाटलं, कोणाला तरी फोन करत असेल. तेवढ्यात जिन्यात गडबड ऐकू आली. "जरा डावीकडे, डावीकडे घे," असं कोणीतरी म्हणत होतं. मग समोरच्या फ्लॅटमधले सावंतकाका मागे सरत सरत उतरताना दिसले. ते रत्नागिरीकडचे, रिटायर झालेले. त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पुढचे पाय, मागून त्यांचा मुलगा, आणि खुर्चीत बाईंची बहीण. अंगावर गाऊन, वर घाईत टाकलेला टॉवेल. तिला धाप लागली होती. त्यांनी खुर्ची बाईंच्या समोर ठेवली. बाई अजून जमिनीवरच बसलेल्या होत्या.

"ताई, मी आले."

"कशाला उतरलीस? तुला जिना मना आहे ना?"

"तुला चढायचा मना आहे," बहीण म्हणाली. "मग कोणीतरी उतरायला नको?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मी त्यांना इतके दिवस ओळखत होते, पण तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. शिक्षिकेचा सगळा ताठपणा निघून गेलेला. त्यांनी बहिणीच्या सुजलेल्या पावलांवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"त्या दिवशी मी थांबले होते, ताई," बहीण म्हणाली. "तो माणूस फावडं घेऊन उभा होता. मी त्याला सारखं सांगत होते, माझी बहीण येतेय, थोडं थांब. तो खूप वेळ थांबला. मग म्हणाला, अंधार पडतोय."

"मला माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"त्यानेच. फाटकात. मी आत पाय टाकायच्या आधी." बाईंचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "ते ऐकूनसुद्धा मी हात वर केला, छोटी."

बहिणीने खुर्चीतून वाकून बाईंच्या कपाळावरचा घाम टॉवेलने पुसला. सावंतकाका उगाचच स्कूटर बघायला गेले.

बहिणीला फार वेळ खाली ठेवणं बरं नव्हतं. सावंतकाकांच्या मुलाला कामावर जायचं होतं, तो निघाला. खुर्चीला एक माणूस कमी पडत होतं. वॉचमनने एक बाजू धरली, सावंतकाकांनी दुसरी, मी मागून पाठ धरली. खुर्ची जिन्यापाशी आली तेव्हा बाई उठून आमच्याजवळ आल्या.

"ताई, तू राहू दे," बहीण म्हणाली. "मी खिडकीत येते ना."

बाईंनी चपला काढल्या. पहिल्या पायरीसमोर उभ्या राहिल्या, आणि आम्ही सगळे खुर्ची धरून तसेच थांबलो. मग त्या मोठ्याने बोलल्या, वॉचमनला, सावंतकाकांना, खिडकीतल्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ज्या शब्दांनी त्या रोज प्रार्थना करायच्या ते शब्द हे नव्हते.

"प्रभू, मी तुझं नाव घेऊन वाईट बोलले. सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. ते माझं बोलणं होतं, तुझं नव्हतं. तुझं नाव मला परत स्वच्छ करता येणार नाही. तूच कर."

आणि त्यांनी खुर्चीच्या हाताला हात लावला. वजन आम्ही तिघं पेलत होतो, बाईंचा हात नुसता खुर्चीला होता. पण तो त्यांनी एकदाही सोडला नाही. प्रत्येक मजल्यावर आम्ही टेकत होतो, सावंतकाका कंबर धरत होते. तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. उंबरठ्यापाशी मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, त्या थांबतील. पण खुर्ची उचललेली असताना उंबरठ्यात थांबता येत नाही. आम्ही सगळे एकदमच आत गेलो.

नंतर कधीतरी, त्या दिवसाबद्दल बोलताना, बाई एवढंच म्हणाल्या, "मी आयुष्यभर समजत होते, पवित्र म्हणजे उंचावरचं. आपण खाली उभं राहायचं आणि वर बघायचं. ते खुर्चीत बसून खाली येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं."

त्या हिवाळ्यात बाई बहिणीकडे राहायला गेल्या. मी अजून वर्षभर एकटीच खारीगावच्या घरात होते, मग लग्न होऊन मीरा रोडला आले. बहीण पुढे तीनेक वर्षं जगली. बाई तिच्यानंतर वर्षभरात गेल्या. दोघींना आईजवळ जागा मिळाली नाही, पण एकमेकींजवळ मिळाली.

मी आजही दर रविवारी उपासनेला जाते. आमची मंडळी वाढली, हॉल बदलला, आता एसी आहे, खुर्च्यांना गाद्या आहेत. गाणारी मुलं मनापासून गातात. माझी कशाबद्दलच तक्रार नाही. पण प्रार्थनेत मी डोळे मिटते आणि मला ते हवं असतं, जे त्या घरात सगळीकडे असायचं. ओट्याशी, अंगणात, शनिवारच्या त्या बंद तोंडाच्या स्वयंपाकघरात. घाईत तोंडातून "अरे देवा" निघालं की मी थांबते. सवय लागली ती लागलीच. पण बाई थांबायच्या तेव्हा कोणीतरी आत आल्यासारखं वाटायचं. मी थांबते तेव्हा मी नुसती थांबलेली असते. नवरा विचारतो, काय झालं? मी म्हणते, काही नाही.

कधी कधी वाटतं, बाईंकडे ते होतं आणि माझ्याकडे नाही, असं नसेल. बाईंनी त्यासाठी वाट बघितली होती आणि मी बघितली नाही, एवढाच फरक असेल. तरीही ओढ काही कमी होत नाही. तशा वेळी मला बाईंचा तो एक रविवार आठवतो.

खुर्चीच्या प्रसंगानंतरचा तो पहिलाच प्रभुभोजनाचा रविवार. शनिवारी बाईंनी नेहमीसारखी भाकर केली. रविवारी थाळी रांगेतून आली, बाईंनी ती दोन्ही हातांनी धरली, आणि एक तुकडा उचलला. तुकडा तोंडात घातल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि थाळी माझ्याकडे द्यायची विसरून गेल्या. मी ती त्यांच्या मांडीवरून हळूच उचलून पुढे दिली.

उपासना संपली. लोक आमच्या रीतीने एकमेकांना सलाम करून निघाले. बाई उठल्या नाहीत. पाळकसाहेबांनी मला नजरेनेच विचारलं, मी मान हलवली, तेही मागच्या खुर्चीवर बसून राहिले. आमची वेळ संपत आली होती आणि दुपारच्या वाढदिवसाचे लोक जिन्यातून वर यायला लागले. आधी फुग्यांच्या पिशव्या घेतलेला डेकोरेशनवाला, मग केकचा मोठा खोका सांभाळत एक गृहस्थ, मागून जरीच्या साड्या नेसलेल्या तीन-चार बायका आणि एक म्हातारे आजोबा. ते हसत-बोलत दारापर्यंत आले. मी त्यांना थांबा म्हणायला उठले, पण त्याआधीच ते थांबले होते.

त्यांना काय दिसलं असेल? एका रिकाम्या हॉलमध्ये खुर्चीवर बसलेली एक म्हातारी बाई, पांढरं कापड घातलेलं एक टेबल. बाकी काही नव्हतं. पण केकवाल्या गृहस्थांनी खोका छातीशी धरला आणि बोलणं बंद केलं. डेकोरेशनवाल्याने पिशवी खाली ठेवली. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "सॉरी, बस पाच मिनट."

"कोई जल्दी नहीं," त्यातली एक बाई कुजबुजली. "बैठने दो उनको."

आणि तिने वाकून सँडलचे पट्टे सोडले आणि सँडल दाराबाहेर, बाईंच्या चपलांच्या बाजूला ठेवल्या. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिचं बघून आजोबांनी काढल्या, मग बाकीच्यांनी.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. बाई उठल्या, टेबलावरचं कापड घडी करून पिशवीत ठेवलं आणि दाराशी आल्यावर त्यांना ती माणसं दिसली. त्या ओशाळल्या.

"आपका टाइम लिया हमने," त्या म्हणाल्या.

"नहीं, माजी," ती बाई म्हणाली. "अच्छा लग रहा था."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि माझा दंड धरला. पाळकसाहेबांनी मागून पंखे बंद केले, मग लक्षात आलं की त्या लोकांना लागतील, म्हणून परत सुरू केले. आम्ही एकेक पायरी उतरत खाली रस्त्यावर आलो. रिक्षा मिळायला वेळ लागला. ती येईपर्यंत मी वर बघत होते. सगळे आत गेले होते, पण अजून कोणी गाणं लावलं नव्हतं.